मुलाची सीआरपी किती आली? रिपोर्ट बघण्याआधी थोडं वाचा

आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज कोणीतरी विचारतंच, "पोराची सीपीआर किती आली?" सीपीआर म्हणजे कोल्हापुरातलं, भाऊसिंगजी रोडवरचं सरकारी हॉस्पिटल. आम्ही रक्तात मोजतो ती सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, अंगात संसर्ग किंवा दाह असला की वाढणारं प्रथिन. पण त्यामागून येणारा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही: "जास्त आली म्हणजे सेप्सिस का?" सेप्सिस म्हणजे संसर्ग जीवावर बेतणं.

जंतू शिरले की पांढऱ्या पेशी एकमेकींना रासायनिक हाका मारतात. यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-६ ही त्यातली लवकर उठणारी हाक. काही तासांत चढते आणि तितक्याच घाईने ओसरते. तिच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं, पण ती रक्तात दिसायला सहा ते बारा तास जातात आणि पुरती चढायला दीड-दोन दिवस. प्रोकॅल्सिटोनिन हे संसर्गात रक्तात वाढणारं आणखी एक प्रथिन, वेगात या दोघींच्या मधलं. म्हणजे सकाळी ताप चढला आणि दुपारी रक्त दिलं, तर सीआरपी नॉर्मल येऊ शकते. तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

या हाका आवरेनाशा झाल्या की रक्तवाहिन्या पाझरतात, रक्तदाब पडतो, अवयव थकतात. ते सेप्सिस. अत्यवस्थ मुलांत इंटरल्यूकिन-६ बहुधा जास्त असते; पण गलका शांत करणारी इंटरल्यूकिन-१० सुद्धा त्याच मुलांत वाढलेली सापडते. त्यामुळे एका आकड्यावरून निदान होत नाही. मुलांतलं सेप्सिस ठरवण्यासाठी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या फिनिक्स निकषांत श्वास, रक्ताभिसरण, रक्त गोठणं आणि मेंदू यांना गुण आहेत, सीआरपीला एकही नाही. लॅबवाल्यानं स्वतःच हे सांगावं म्हणजे धंद्याला वाईट, पण आहे ते असं आहे.

मग तपासणी कशाला? पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका ही पातळी आपल्याला पाठ असते, तरी पहिला प्रश्न "पाणी चढतंय की उतरतंय?" हाच. इथंही तसंच. औषध लागू पडलं तर प्रोकॅल्सिटोनिन साधारण दिवसाला निम्मं होतं. म्हणून जुना रिपोर्ट सोबत आणा आणि ताप कधी सुरू झाला ते सांगा. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट असेल तर एकक बघा: डेसिलिटरला ६ मिलिग्रॅम म्हणजे लिटरला ६० मिलिग्रॅम. सीआरपी दहापट वाढली म्हणून घाबरलेले पालक आम्ही पाहिलेत. नवजात बाळात पहिले दोन-तीन दिवस प्रोकॅल्सिटोनिन आपोआपच वाढलेलं असतं.

ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) सांगितलं असेल तर शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी रक्त द्या. मात्र डॉक्टरांनी इंजेक्शन लगेच द्यायचं ठरवलं, तर आमच्यासाठी थांबू नका.

मूल सुस्त पडलंय, पीत नाही, धाप लागलीय, हातपाय गार किंवा कातडीवर जांभळट चट्टे, लघवी कमी, किंवा तान्हं बाळ तापाऐवजी गार पडतंय, तर लॅबमध्ये येऊच नका. १०८ ला फोन करा, थेट हॉस्पिटल गाठा. नमुना तिथून घेता येतो, रिपोर्ट डॉक्टरांच्या मोबाइलवर पाठवू.