छोटं पिस्तूल नवशिक्याला सोपं? उलटंच आहे

अमेरिकेत कपड्यांआड बाळगायला स्वस्त पिस्तूल घेणाऱ्याला हमखास सांगतात, ‘पहिलंच आहे ना, मग सगळ्यात छोटं घे.’ छोटं खिशात मावतं, हे खरं. चालवायला मात्र तेच अवघड.

रूगर एलसीपी हे खिशातलं पिस्तूल रिकामं असताना जेमतेम २७० ग्रॅम, त्याहून मोठं टॉरस जी३सी सुमारे ६२० ग्रॅम. एलसीपीची .३८० मापाची गोळी जी३सीच्या नऊ एमएमपेक्षा सौम्य असूनही हातात चांगलीच झोंबते, कारण धक्का पेलायला वजनच नाही आणि करंगळीला मुठीवर जागा नाही. नेमही चुकतो. नेम धरायची पुढची-मागची माशी १०० मिलिमीटर अंतरावर असेल, तर १ मिलिमीटरची चूक ७ मीटरवर ७ सेंटिमीटर होते; १५० मिलिमीटर असेल तर पावणेपाचच्या आत. शिवाय स्लाइडची, म्हणजे गोळी सुटताच मागे सरकणाऱ्या वरच्या भागाची, धाव आखूड. मनगट ढिलं पडलं की ती पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते.

दुकानात आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढून चेंबर (नळीमागची गोळी बसायची जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, मग स्लाइड दहा वेळा ओढून बघा. रेंजवर दीड-दोनशे गोळ्या झाडा, त्यांत पन्नासेक रोज बाळगायच्या, टोकाला पोकळी असलेल्या हॉलो-पॉइंट हव्यात. साध्या गोळ्या चालल्या म्हणून त्या चालतीलच असं नाही. वाचलेले पैसे ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरवर (पिस्तुलाच्या म्यानावर) घाला. कापडी पाऊच नकोच.

भारतात हा हिशेब लागू नाही: नऊ एमएम इथं प्रतिबंधित बोअर, म्हणजे सर्वसामान्यांना परवाना न मिळणारं माप, आहे.