पिकाचो पीक स्टेट पार्क आणि लेफ्टनंट बॅरेटची कबर

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या सोनोरन वाळवंटातलं हे स्टेट पार्क. टूसॉनहून फीनिक्सकडे आय-१० हायवेने निघालं की डाव्या हाताला जो सुळका दिसतो तोच पिकाचो पीक, उंची साधारण १,०२८ मीटर. पूर्वी याला ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला खडक समजायचे, पण आता कलंडलेल्या लाव्हाच्या थरांची झीज होऊन उरलेला भाग हेच मत जास्त पटतं, वय अंदाजे २.२ कोटी वर्षं.

पार्कचं नाव जास्त होतं ते अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या १५ एप्रिल १८६२ च्या चकमकीमुळे. फेब्रुवारीअखेर कॅप्टन शेरोड हंटरच्या कॉन्फेडरेट (फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या) तुकडीने टूसॉन घेतलं होतं आणि पश्चिमेकडून युनियनची, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूची, कॅलिफोर्निया कॉलम ही फौज येत होती, तिच्यातल्या लेफ्टनंट जेम्स बॅरेटने १२ घोडेस्वार घेऊन १० जणांच्या कॉन्फेडरेट पहाऱ्यावर दुसऱ्या तुकडीची वाट न बघताच हल्ला केला असं बहुतेक वृत्तांत सांगतात. तिघा कॉन्फेडरेटांना पकडलं, पण बॅरेट आणि जॉन्सन, लेनर्ड हे दोन शिपाई मेले. आकडे बघता याला 'लढाई' म्हणणं जरा जास्तच होतं, पण पाट्यांवर तेच आहे. 'यादवी युद्धातली सगळ्यात पश्चिमेची लढाई' हा दावाही सरळ नाही, कारण मार्चअखेरची स्टॅनविक्स स्टेशनची चकमक याहून बरीच पश्चिमेला झाली. तिथे युनियनचा एक जण फक्त जखमी झाला, म्हणून 'माणसं मेली अशी' हे शब्द जोडले तर दावा त्यातल्या त्यात टिकतो.

कबरीचा घोळ वेगळाच. मेलेल्या तिघांनाही तिथेच पुरलं, पुढे दोन शिपायांचे अवशेष सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ कबरस्तानात हलवले असं सांगतात, बॅरेट मात्र तिथेच राहिला. १८८० च्या सुमारास सदर्न पॅसिफिकची रेल्वे आली आणि त्याची कबर रुळांजवळच कुठेतरी, खुणेशिवाय आहे असं मानलं जातं. त्यामुळे पार्कमधलं दगडी स्मारक बघून कबर बघितली असं समजू नये, ते नुसतं स्मारक आहे.

पार्कमधल्या वाटांना आणि रस्त्यांना हंटर, कॅलोवे (युनियनचा कॅप्टन), बॅरेट अशी दोन्ही बाजूंच्या लोकांची नावं दिलीत. हंटर ट्रेल शिखरावर जाते, वरच्या टप्प्यात लोखंडी केबल धरून चढावं लागतं, हातमोजे न्यावेत. पाऊस चांगला झाला तर वसंतात पायथ्याला मेक्सिकन पॉपीची पिवळी-केशरी फुलं येतात.