मिशी, मास्क आणि पाण्याचा दाब

मराठवाड्यात पोहायला शिकायचं ते विहिरीत. पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून सुरुवात होते, मग मुटका, मग सूर, आणि शेवटची परीक्षा म्हणजे बुडी मारून तळातला मूठभर गाळ वर आणून दाखवणं. असा गाळ घेऊन आलेल्या पोराला खाली काय दिसलं म्हणून विचारा. उत्तर ठरलेलं असतं: काही नाही, सगळं हिरवं आणि भुरकट. त्याचं खापर पाण्यावर फुटतं. विहिरीचं पाणी गढूळ असतं हे खरंच, पण अगदी नितळ पाण्यातही उघड्या डोळ्यांना भुरकटच दिसतं.

आता सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा, म्हणजे टाकीतली हवा घेत पाण्याखालची बुडी, करून येणारी मंडळी आपल्याकडेही पुष्कळ झाली आहेत. तिथे डोळ्यांवर आणि नाकावर बसणारा काचेचा मास्क भाड्यात मिळतो. एक-दोनदा पाण्याखाली जाऊन आलं की स्वतःचा मास्क असावा असं वाटायला लागतं. समुद्र कित्येक तासांच्या प्रवासावर, डायव्हिंगच्या सामानाचं दुकान जवळपास नाही, मग मोबाइलवर फोटो बघून, शेरे वाचून, सूट आहे का पाहून ऑर्डर दिली जाते. फोटोत रंग दिसतो, काच दिसते. आपल्या चेहऱ्यावर तो कसा बसेल, हे मात्र कुठल्याच फोटोत दिसत नाही, आणि मास्कच्या बाबतीत बघायचं असतं तेवढंच.

भुरकट दिसण्याचं कारण आधी बघू. डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण वाकवून पडद्यावर नेमके एकत्र आणायचे, हे काम डोळ्यातलं भिंग एकट्यानं करत नाही. डोळ्याची किरण वाकवण्याची एकूण ताकद साधारण 60 डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात असतो) धरली, तर त्यातली 43 च्या आसपास ताकद डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक थराची, म्हणजे कॉर्नियाची असते. कॉर्नियाला ही ताकद मिळते ती त्याच्यासमोर हवा असल्यामुळे. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, 1, कॉर्नियाचा सुमारे 1.38, या फरकामुळे किरण जोरात वाकतात. पाण्याचा अपवर्तनांक 1.33. डोळा पाण्याला भिडला की फरक जवळजवळ उरतच नाही आणि दोन तृतीयांश ताकद एका क्षणात जाते. चष्म्याच्या भाषेत सांगायचं तर चांगल्या डोळ्यालाही चाळिसाच्या वरचा नंबर लागतो.

यावर शरीर थोडीफार मात करू शकतं. थायलंडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मोकेन जमातीची मुलं पाण्याखाली मास्कशिवाय शिंपले वेचतात. स्वीडनच्या अ‍ॅना गिस्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवून दिलं की या मुलांना पाण्याखाली युरोपीय मुलांपेक्षा दुपटीहून बारीक तपशील दिसतो. ही मुलं पाण्यात गेल्यावर डोळ्याची बाहुली आकसून घेतात, अगदी दोन मिलिमीटरपर्यंत, आणि आतलं भिंग जास्तीत जास्त फुगवतात. पुढे स्वीडिश मुलांनाही सरावानं हे जमलं. पण ही लहान वयाची करामत आहे. चाळिशी लागलेल्या माणसाचं भिंग फुगायलाच तयार नसतं.

तेव्हा उपाय एकच, कॉर्नियासमोर पुन्हा हवा आणून ठेवायची. मास्क म्हणजे एवढंच, काचेआड अडवलेली हवा. ती सपाट काच जाता जाता एक गंमत करते. पाण्यातून काचेत, काचेतून हवेत येताना किरण पुन्हा वाकतात आणि समोरची वस्तू आहे त्याच्या तीन चतुर्थांश अंतरावर, जवळपास एक तृतीयांश मोठी दिसते. तारकर्लीहून परतलेल्या माणसाच्या गोष्टीतला मासा हातभर लांब असतो, त्यात थोडा वाटा या काचेचाही धरायला हवा.

हवाच अडवायची तर पोहण्याचा साधा गॉगल काय वाईट, असं कुणीही विचारेल. विहिरीत गॉगल घालून खोल बुडी मारणारी मुलं पाहिली की मला धडकी भरते, म्हणून याबद्दल जरा सविस्तर. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. पावसाळ्यानंतर भरलेल्या विहिरीत 30 फूट, म्हणजे साधारण 9 मीटर, खाली गेलं, तर अंगावर पृष्ठभागाच्या जवळपास 1.9 पट दाब असतो. दाब वाढेल तशी हवा आकसते, या बॉइलच्या नियमाप्रमाणे गॉगलमधली हवा निम्म्याच्या आसपास आकसायला हवी. गॉगलची कडक वाटी आकसत नाही. मग आतला दाब कमी आणि भोवतीच्या शरीरात जास्त, अशी ओढाताण होते आणि त्यात बळी पडतात त्या डोळ्याच्या नाजूक रक्तवाहिन्या. डोळा लालभडक होतो, पापण्या सुजतात. बहुतेक वेळा हे आपोआप बरं होतं, पण ते मुद्दाम ओढवून घेण्यासारखं नक्कीच नाही.

मास्कमध्ये नाकही आत असतं ते याचसाठी. खाली जाताना नाकातून अधूनमधून थोडी हवा सोडली की मास्कमधला दाब बाहेरच्याइतका होतो. नाकाचा भाग मऊ सिलिकॉनचा ठेवतात, तो बाहेरून चिमटीत धरून कानांतला दाबही सारखा करता येतो. मास्क हातात आला की आधी हे पाहा: दोन बोटांनी नाकपुड्या पुरत्या बंद करता येतात का? येत नसतील तर बाकी काही बघायची गरज नाही. अख्खा चेहरा झाकणारे स्नॉर्कलचे, म्हणजे पाण्यावरची हवा घ्यायच्या नळीचे, मास्क इथेच बाद होतात. पृष्ठभागावर तरंगण्यापुरते ते ठीक, त्यांच्यातून नाक धरता येत नाही, म्हणून बुडी मारायला ते चालत नाहीत.

आता मुख्य प्रश्न, मास्क चेहऱ्यावर टिकतो कशामुळे? बहुतेकांना वाटतं पट्ट्यामुळे. एक साधा हिशोब करू. मास्कनं चेहऱ्याचा सुमारे 100 चौरस सेंटिमीटर भाग झाकला असं धरा. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 100 ग्रॅम वजनाइतका वाढतो. म्हणजे आतली हवा आहे तशीच राहिली, तर नुसत्या मीटरभर खोलीवर पाणी मास्कला 10 किलो वजनाच्या जोरानं चेहऱ्यावर दाबेल. प्रत्यक्षात मास्क थोडा आत दबतो, आपण हवा सोडतो, त्यामुळे जोर बराच कमी राहतो. तरी पट्ट्याचं बळ त्यापुढे किरकोळच. पट्ट्याचं काम मास्क जागेवर ठेवण्याचं आणि कुणाचा पाय लागला तर तो निसटू न देण्याचं. पाणी आत आलं की आपण पट्टा आवळतो, त्यानं सिलिकॉनची कड दुमडते, जिथे फट नव्हती तिथे फट पडते आणि आणखी पाणी येतं. भाड्याच्या मास्कबद्दलच्या कितीतरी तक्रारींचं मूळ या आवळण्यात असतं. पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, कानांच्या वर, जेमतेम ताणलेला असावा.

म्हणजे सारा भार त्या सिलिकॉनच्या झालरीवर आला. विक्रेते तिला स्कर्ट म्हणतात. ती कपाळ, कानशील, गाल आणि वरचा ओठ यांना सलग चिकटली पाहिजे, आणि दोन माणसांचे चेहरे सारखे नसतात. कुणाचं कपाळ अरुंद, कुणाचे गाल आत गेलेले, कुणाच्या नाकाचा कणा उंच. त्यामुळे मित्राला उत्तम बसलेला आठ हजारांचा मास्क तुम्हाला गळू शकतो आणि दीड हजाराचा चपखल बसू शकतो. किंमत काचेची आणि नावाची असते. चेहरा तिला ओळखत नाही.

मास्क तपासण्याची प्रसिद्ध रीत अशी: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा, नाकानं श्वास आत ओढायचा, हात सोडायचे, पडला नाही तर झालं. ही रीत अर्धवट आहे. जोरात श्वास ओढला तर न बसणारा मास्कही क्षणभर चिकटतो, कारण ओढीनं झालर ताणली जाऊन फटी बुजतात. मला पटते ती रीत वेगळी. मान मागे टाकून छताकडे बघायचं आणि मास्क नुसता, न दाबता चेहऱ्यावर ठेवायचा. झालर सगळीकडे टेकली आहे का, हे घरातल्या कुणाला तरी जवळून बघायला सांगायचं. बहुतेक फटी कानशिलापाशी किंवा नाकाच्या खाली सापडतात. मग अगदी हलका श्वास घ्यायचा आणि मास्क आत शिरतोय तसा वाटला पाहिजे, कुठेही फुस्स आवाज नको. नंतर स्नॉर्कलची नळी तोंडात धरून हेच पुन्हा करायचं. हे कुणीच करत नाही आणि पाण्यात नेमकं तेव्हाच गळतं, कारण तोंडात काही धरलं की ओठ पुढे येतात, गाल ताणले जातात आणि चेहऱ्याचा आकारच बदलतो. हसून बघा. नाकपुड्यांपासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत जाणाऱ्या रेषा खोल होतात, त्या झालरीखालून पाण्याला वाट करून देतात. पाण्याखाली मासा बघून हसू येणारच, तेवढं पाणी नाकानं फुंकून बाहेर काढता येतं: वरची कड हातानं धरायची, नजर किंचित वर करायची आणि नाकानं हवा सोडायची. हवा वर साठते, पाणी खालून निघून जातं.

शेवटी पाच-दहा मिनिटं मास्क घालून घरात वावरा. नाकाचा कणा किंवा भुवईच्या मधला भाग फ्रेमला टेकत असेल तर आत्ता नुसतं जाणवेल, पाण्याखाली अर्ध्या तासानं ठणकेल. परत पाठवण्याची मुदत असेल अशा ठिकाणूनच मागवावं, ते याकरता.

आणि आता मिशी. आपल्याकडे हा विषय हसण्यावारी नेऊन चालत नाही. झालरीची खालची कड बरोबर नाक आणि वरचा ओठ यांच्यामधे टेकते, आणि केस मधे आले की सिलिकॉन कातडीला लागतच नाही. केसांच्या मधल्या सूक्ष्म वाटांनी पाणी सावकाश आत झिरपत राहतं. दाढी आड येत नाही, ती कडेच्या खाली राहते. बीडच्या एका मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या समुद्र." पण सगळी मिशी काढायची गरज नसते. नाकाच्या लगत वरच्या बाजूची बारीक पट्टी तासून घेतली की पुष्कळांचं काम भागतं, बाकीची तशीच पीळदार राहू द्या. उरलेल्या केसांवर सिलिकॉन ग्रीस लावतात. पेट्रोलियम जेली मात्र लावू नये, रबरी आणि सिलिकॉनच्या भागांना ती मानवत नाही. बायकांची अडचण कपाळावरच्या आणि कानशिलावरच्या बटांची. एक केस झालरीखाली अडकला तरी गळती सुरू होते.

चष्मा मास्कच्या आत घालता येत नाही, काड्या झालर उचलून धरतात. नंबरच्या काचा बसवता येतील असे दोन काचांचे मास्क मिळतात. काच टेम्पर्डच असावी, फुटली तर तिचे बोथट तुकडे होतात.

फ्रीडायव्हिंग, म्हणजे एका श्वासाची बुडी, करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट बघावी लागते, मास्कमधल्या हवेचं आकारमान. स्कूबावाल्याच्या पाठीवर टाकी असते, मास्कमध्ये कितीही हवा गेली तरी त्याला फिकीर नाही. एका श्वासावर गेलेल्याचं तसं नसतं. मास्कमध्ये 200 मिलिलिटर हवा मावत असेल, तर 30 मीटरवर, चारपट दाबाखाली, तो भरलेला ठेवायला पृष्ठभागावरच्या मापानं आणखी 600 मिलिलिटर हवा लागते. छातीत सहा लिटर हवा घेऊन निघालेल्या माणसाचा दहावा हिस्सा नुसता मास्क फुगवण्यात गेला. 100 मिलिलिटरचा मास्क असेल तर हे काम 300 मध्ये होतं. म्हणून त्यांचे मास्क छोटे, काच डोळ्यांच्या अगदी जवळ. काच जवळ आली की नजरेचा आवाकाही वाढतो, तो फायदा वेगळाच. मास्क कितीही चांगला असला तरी एका श्वासाची बुडी एकट्यानं मारू नये, विहिरीत तर नाहीच. वर येताना शुद्ध हरपते ती आधी काही न सांगता.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा अदृश्य थर असतो, त्यावर वाफेचे थेंब जमतात आणि काही दिसत नाही. साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं काच आतून दोन-तीनदा चोळून धुवावी. काचेवर धुकं न धरणारं खास लेपन आधीच असेल तर टूथपेस्ट लावू नये, ते लेपन निघून जातं. बुडीच्या आधी आतून थुंकी फिरवून धुण्याची जुनी पद्धतही चांगली चालते: थुंकीनं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि थेंबांऐवजी पातळ पारदर्शक थर पसरतो.

घरी आल्यावर मास्क गोड्या पाण्यानं धुवायचा, पण आपल्या बोअरचं पाणी जड. ते वाळलं की काचेवर क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्यावा. सावलीत वाळवून मास्क त्याच्या कडक डबीतच ठेवावा. मे महिन्यात बंद गाडीत, किंवा कपाटात जड सामानाखाली महिनोन्‌महिने दाबून ठेवला, तर झालरीला कायमची मोड पडते आणि पुढच्या वेळी पाणी बरोबर तिथूनच आत येतं.