पुरावा कुणी द्यायचा?

गॅबन हा मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा छोटासा, तेलावर चालणारा देश. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अली बोंगो ऑक्टोबर २०१८मध्ये सौदी अरेबियात आजारी पडले आणि पुढे दोन महिन्यांहून अधिक काळ मायदेशी दिसलेच नाहीत. सरकार धड काही सांगेना, त्यामुळे अफवांना ऊत आला. कुणी म्हणे, ते केव्हाच गेले. मग नव्या वर्षाच्या तोंडावर त्यांच्या भाषणाचा व्हिडिओ आला. चेहरा ताठर, हालचाली अवघडलेल्या, पापण्या जवळजवळ लवतच नाहीत. हा माणूस खरा नाही, हा डीपफेक, म्हणजे संगणकानं हुबेहूब बनवलेला खोटा व्हिडिओ आहे, अशी कुजबुज सुरू झाली. ७ जानेवारी २०१९ला काही सैनिकांनी रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं, त्या भाषणाचा हवाला देत राष्ट्राध्यक्षांच्या क्षमतेवर शंका घेतली आणि बंड पुकारलं. काही तासांत ते मोडून काढलं गेलं.

पुढे जाणकारांनी तो व्हिडिओ तपासला. त्यात फेरफार केल्याची खूण कुणालाच सापडली नाही. बोंगोंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, आणि त्यानंतर चेहरा तसा दिसणं अगदी स्वाभाविक आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि राजकारण या विषयातली मला ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते, कारण तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे नाहीच. असा व्हिडिओ बनवता येतो, एवढं लोकांच्या कानावर पडलं होतं. तेवढं पुरलं.

आपण फोटोला, आवाजाला, चित्रफितीला पुरावा मानत आलो ते त्या खोट्या असूच शकत नाहीत म्हणून नाही. खोट्या बनवायला पैसा, वेळ आणि कसबी माणसं लागत, म्हणून. हा खर्च गेल्या दशकात कोसळला. २०१४मध्ये इयान गुडफेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती मांडली: दोन संगणकीय जाळी, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्रॅम, एकमेकांसमोर बसवायची. एक खोटं चित्र काढणार, दुसरं ते खरं की खोटं हे ओळखणार. पकडलं गेलं की पहिलं सुधारतं. फसलं की दुसरं सुधारतं. चोर-पोलिसांचा हा खेळ लाखो वेळा चालला की चोर इतका तयार होतो की माणसाचा डोळा त्याच्यापुढे टिकत नाही. आज चित्रं बनवायला बहुतेक वेळा वेगळंच तंत्र वापरलं जातं, पण उतरण तिथून लागली. जानेवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करून दाखवली. बरोबर एका वर्षानं अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हजारो मतदारांना फोन आले. आवाज जो बायडेन यांचा, सल्ला असा की पक्षांतर्गत मतदानाला जाऊ नका, मत नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीसाठी राखून ठेवा. तो आवाज बनवणाऱ्याला मिळाले १५० डॉलर. हे घडवून आणणाऱ्या राजकीय सल्लागाराला नंतर दंड झाला ६० लाख डॉलरचा.

खोटं पकडलं जातं, दंडही होतो. मला त्याहून अवघड वाटते ती याची उलटी बाजू. बॉबी चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या कायद्याच्या दोन अभ्यासकांनी तिला ‘खोटारड्याचा लाभांश’ असं नाव दिलं. डीपफेकची भीती जितकी पसरेल, तितकं खऱ्या पुराव्याला ‘हे बनावट आहे’ म्हणून झटकणं सोपं होतं. ऑगस्ट २०२४मध्ये डेट्रॉइटच्या विमानतळावर कमला हॅरिस यांची सभा झाली. तिथली गर्दी एआयनं, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली आहे, असं डोनाल्ड ट्रम्प यांनी लिहिलं. सभेला हजारो माणसं होती, अनेक वृत्तसंस्थांचे कॅमेरे होते. तरी सिद्ध करण्याची वेळ आली ती गर्दी दाखवणाऱ्यांवर. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे ठीक, पण इथे कुणीतरी त्याला मुद्दाम सांगतंय की समोरचं ताकही उकळतंय.

मग खरं-खोटं ओळखणारं यंत्रच का वापरू नये? इथे जरा थांबून हिशेब करू. समजा, असं एक यंत्र शंभरात ९५ वेळा बरोबर सांगतं. ऐकायला झकास. आता त्याच्यापुढे १०,००० चित्रफिती ठेवा आणि त्यातल्या १०० बनावट आहेत असं धरा. यंत्र त्यातल्या ९५ पकडेल. पण उरलेल्या ९,९०० अस्सल चित्रफितींवरही ते पाच टक्के वेळा चुकणार, म्हणजे ४९५ अस्सल चित्रफितींवर ‘बनावट’ असा शिक्का बसणार. एकूण शिक्के ५९०, त्यातले ४९५ चुकीचे. सहा शिक्क्यांतले पाच! यंत्रात बिघाड नाही. शोधायची गोष्ट दुर्मिळ असली की गणित असंच वागतं. वैद्यकीय चाचण्यांच्या जगात हे जुनं ज्ञान आहे. सरकारी कचेऱ्यांत ते अजून पोचायचंय. त्याकडे पुन्हा येऊच.

आणि ९५ टक्के हा आकडाही मी उदार मनानं धरला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं जानेवारी २०२३मध्ये यंत्रानं लिहिलेला मजकूर ओळखणारं साधन काढलं. कंपनीच्याच चाचणीत त्यानं यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्के ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर आळ घेतला. त्याच वर्षी जुलैत ते मागे घेण्यात आलं. दुसरा मार्ग आहे छायाचित्र काढतानाच त्यावर गणिती मोहोर उमटवण्याचा. २०२३मध्ये लायका कंपनीनं असा कॅमेरा बाजारात आणला. कल्पना उत्तम. पण मोहोर नसलेला फोटो संशयित ठरू लागला, तर साध्या फोनवर अत्याचार टिपणाऱ्या माणसाचं काय?

मजकुराची गोष्ट आणखी चिवट आहे. २०१७मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं इंटरनेटच्या नियमांवर लोकांची मतं मागवली. सुमारे २ कोटी २० लाख मतं आली. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत २०२१मध्ये उघड झालं की त्यातली जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होती. ७७ लाख तर १९ वर्षांच्या एकट्या विद्यार्थ्यानं पाठवली होती. दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे हे नियम नकोत म्हणणाऱ्या ८५ लाख मतांचा खर्च इंटरनेट कंपन्यांनी उचलला होता. तेव्हा माणसासारखा मजकूर लिहिणारी भाषा-मॉडेलं हाताशी नव्हती. एका विश्लेषकाला लाखो पत्रांत एकच सांगाडा दिसला: वाक्यं तीच, फक्त ‘नागरिक’च्या जागी ‘व्यक्ती’, ‘हस्तक्षेप’च्या जागी ‘ढवळाढवळ’ अशी शब्दांची अदलाबदल. चोर पावलांच्या ठशांवरून सापडला.

दोनच वर्षांनी ठसे पुसले गेले. २०१९मध्ये एका विद्यार्थ्यानं जीपीटी-२ हे तेव्हाचं मॉडेल जुन्या पत्रांवर घोटवून आयडाहो राज्याच्या आरोग्य योजनेबद्दल १,००१ मतं सरकारी संकेतस्थळावर पाठवली. एकूण आलेली मतं १,८१०. निम्म्याहून जास्त यंत्राची! त्यानं लगेच कळवून ती काढायला लावली. माणसांना दाखवल्यावर ती ओळखण्याचं प्रमाण निघालं नाणं उडवण्याइतकं. याचं कारण मॉडेलच्या कामाच्या पद्धतीत आहे. ते साचा भरत नाही, आधीचे शब्द पाहून पुढचा संभाव्य शब्द निवडत जातं, आणि त्या निवडीत थोडा योगायोगाचा भाग असतो. त्यामुळे हजार पत्रं हजार वेगवेगळ्या माणसांची वाटतात. ‘इतक्या लोकांनी लिहायचे कष्ट घेतले’ हा लोकमताचा जुना मापदंड त्या दिवशी निकामी झाला, आणि आता खऱ्या माणसालाच आपण खरे असल्याची खूण पटवावी लागणार.

सरकार स्वतः यंत्र वापरतं तेव्हा तर हे ओझं थेट नागरिकाच्या डोक्यावर येतं. साधं उदाहरण: न्यूयॉर्क शहरानं २०२३मध्ये व्यावसायिकांच्या मदतीला चॅटबॉट आणला. मालकानं कर्मचाऱ्यांच्या टिपमधला वाटा घेतला तर चालेल, असं त्यानं पत्रकारांना बिनदिक्कत सांगितलं. ते बेकायदा आहे. पानावर मात्र तळटीप होतीच की उत्तरं चुकीची असू शकतात. म्हणजे सल्ला सरकारचा, शहानिशा तुमची.

नेदरलँड्समध्ये प्रकरण याच्या कितीतरी पुढे गेलं. तिथल्या कर विभागानं २०१३पासून पाळणाघराच्या अनुदानाचे अर्ज स्वतः शिकत जाणाऱ्या एका मॉडेलकडून चाळायला सुरुवात केली. ते प्रत्येक अर्जाला धोक्याचे गुण देई, आणि अर्जदार डच नागरिक नसणं हा त्यात धोक्याचा एक निकष होता. गुण जास्त आले की अर्ज एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर. गंमत अशी की गुण का जास्त, हे त्या कर्मचाऱ्यालाही दिसत नसे. समोर फक्त आकडा. मग पालकांकडे कागद मागायचे, एखादी सही राहिलेली दिसली की पूर्ण वर्षाचं अनुदान परत मागायचं. कित्येकांच्या बाबतीत ही रक्कम हजारो युरोंच्या घरात गेली. ‘माझं चुकलं तरी काय’ या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल असा माणूस साखळीत कुठेच नव्हता. वर मांडलेला ५९० शिक्क्यांचा हिशेब इथे हाडामासाच्या कुटुंबांवर चालला. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही हजारोंच्या संख्येनं. १५ जानेवारी २०२१ला या प्रकरणावरून पंतप्रधान मार्क रुट यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला.

त्याच देशात ‘सिरी’ नावाची आणखी एक प्रणाली होती (फोनमधल्या सिरीशी तिचा संबंध नाही). नोकरी, कर, कर्ज, घर अशा निरनिराळ्या खात्यांतली माहिती जोडून ती लबाडीची शक्यता असलेली माणसं हुडकायची, आणि तिचा रोख गरीब वस्त्यांवर असे. काही संस्था आणि नागरिक तिच्याविरुद्ध न्यायालयात गेले. ५ फेब्रुवारी २०२०ला हेगच्या जिल्हा न्यायालयानं ती थांबवली. सरकारनं मॉडेल कसं चालतं हे न्यायालयालाही दाखवलं नव्हतं, त्यामुळे ते योग्य आहे की नाही हे तपासताच येत नाही, हे त्यामागचं मुख्य कारण. लबाडी शोधण्याचा सरकारचा हक्क न्यायालयानं मान्य केला. पण शोध योग्य रीतीनं होतोय हे दाखवायची जबाबदारी सरकारच्या पदरात टाकली. सरकारनं अपील केलं नाही.