आरोपीला आज कळतंय का? मनोविकल आरोपी आणि थांबलेल्या खटल्याची पार्श्वभूमी

खुनाच्या बातमीत शेवटी 'आरोपी मनोरुग्ण असल्याचे समजते' अशी ओळ आली, की सोलापुरात दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर निकाल लागलेला असतो: 'म्हणजे सुटणार आता.' निम्मे म्हणतात नाटक आहे, निम्मे म्हणतात बिचारा. दोन्ही बाजू ज्या प्रश्नावर भांडत असतात, तो कोर्टापुढचा पहिला प्रश्न नसतोच.

कायद्यात इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. गुन्हा घडला त्या क्षणी आरोपीला आपण काय करतोय हे कळत होतं का, हा एक. भारतीय दंड संहितेचं कलम ८४ या प्रश्नाचं होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आहे. दुसरा प्रश्न आजचा आहे. हा माणूस आत्ता, या तारखेला, स्वतःचा बचाव करू शकतो का? आरोप त्याला समजतो का? वकिलाला चार गोष्टी सांगता येतील का? पहिल्याचं उत्तर आरोपीच्या बाजूने गेलं तर निर्दोष सुटका होते. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर सहसा कोणी सुटत नाही आणि कोणाला शिक्षाही होत नाही, खटला आहे तिथे थांबतो. पहिल्यावर सिनेमे निघतात, दुसऱ्यावर तारखा पडतात. हे टिपण दुसऱ्याबद्दल आहे.

या प्रश्नाचं मूळ इंग्लंडमध्ये आहे आणि ते चांगलंच क्रूर आहे. आरोपीने 'गुन्हा कबूल' किंवा 'नाकबूल' असं तोंडाने म्हटल्याशिवाय खटलाच सुरू होत नसे. मग जो काहीच बोलत नाही त्याचं काय करायचं? ज्यूरी बसवून ठरवायचं, की हा हट्टाने मुका आहे की देवाच्या करणीने. हट्टाने असेल तर त्याला आडवं पाडून छातीवर वजन चढवत जायचं, बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत. या प्रथेची मुळं १२७५च्या कायद्यात आहेत आणि ती मोडीत निघाली १७७२ मध्ये, म्हणजे इकडे थोरल्या माधवराव पेशव्यांचं निधन झालं त्या वर्षी. 'देवाच्या करणीने' गप्प असलेल्यांत बहिरे, मुके, मतिमंद आणि भ्रमिष्ट सगळे एकत्र यायचे. त्यांना वेगवेगळं बघायची गरज कोणाला वाटलेली नव्हती.

१८०० साली हॅडफिल्ड नावाच्या माजी सैनिकाने लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात राजा तिसरा जॉर्ज याच्यावर गोळी झाडली. तो वेडाच्या कारणावरून सुटला आणि सरकार हादरलं. महिन्याभरातच नवा कायदा आला. त्यात गुन्ह्याच्या वेळी वेडे असलेले आणि खटल्याच्या वेळी वेडे आढळलेले, दोघांनाही 'राजाची मर्जी होईपर्यंत' डांबून ठेवायची सोय झाली. पुढच्या दोनशे वर्षांच्या गोंधळाचं बीज याच तरतुदीत आहे, असं मला वाटतं. खटला थांबवणं हे आरोपीच्या भल्यासाठी होतं, त्याला डांबणं राज्याच्या सोयीसाठी. दोन्ही एकाच कलमात बांधली गेली ती गेलीच.

कसोटी ठरली १८३६च्या प्रिचर्ड खटल्यात. प्रिचर्ड वेडा नव्हता, तो बहिरा-मुका होता. न्यायाधीश अल्डरसन यांनी ज्यूरीला सांगितलं ते साधारण असं: त्याला आरोपाचं उत्तर देता येतं का, कामकाज समजून योग्य बचाव करण्याएवढी बुद्धी आहे का, ज्यूरीतल्या एखाद्यावर हरकत घेता येईल का, पुरावा कळेल का, हे बघा. पाच वर्षं आधी, डायसन नावाच्या बहिऱ्या-मुक्या बाईच्या खटल्यातही असाच प्रश्न आला होता. म्हणजे मानसिक क्षमतेची ही कसोटी बहिऱ्या माणसांच्या खटल्यांतून तयार झाली. सोलापूरच्या दृष्टीने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, ते का ते पुढे येईल.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४९ मध्येच गुन्हेगार वेड्यांना सुरक्षित कोठडीत ठेवण्याचा कायदा केला होता. १८६१च्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून पुढच्या आवृत्त्यांत ही तरतूद येत राहिली आणि १८९८च्या संहितेत तिला पक्कं रूप मिळालं. कलम ४६४ असं: आरोपी भ्रमिष्ट आहे आणि त्यामुळे बचाव करू शकत नाही असं मॅजिस्ट्रेटला सकारण वाटलं, तर त्याने चौकशी करावी, जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनकडून तपासणी करून घ्यावी आणि त्या सर्जनची साक्ष नोंदवावी. सत्र न्यायालयात हीच गोष्ट ज्यूरी किंवा असेसरांच्या (न्यायाधीशाला सल्ला देणाऱ्या नागरिकांच्या) मदतीने आधी ठरवायची, मग खटला. आणि काय केलं याचा अहवाल सरकारला पाठवायचा. 'राजाची मर्जी' अशी अहवालाच्या रूपाने इकडे आली.

सिव्हिल सर्जन म्हणजे जिल्ह्याचा सगळ्यात मोठा सरकारी डॉक्टर. प्लेगची व्यवस्था त्याच्याकडे, शवविच्छेदन त्याच्याकडे, आणि हा माणूस शुद्धीवर आहे का हे सांगणंही त्याच्याकडेच. मनोविकारांचं शिक्षण त्याला किती होतं हा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. १९७३ची नवी संहिता आली, कलमांचे आकडे ३२८ आणि ३२९ झाले, ज्यूरी आणि असेसर आधीच गेलेले होते, पण सिव्हिल सर्जन जागेवर होता.

तो बदल व्हायला २००९ची अखेर उजाडली. ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सिव्हिल सर्जनचं काम पहिल्या पायरीपुरतं ठेवलं. त्याला आरोपी मनोविकल वाटला, तर त्याने पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे पाठवायचं. त्यांनी उपचार करायचे, आजार पुढे कसा जाईल ते सांगायचं आणि कोर्टाला कळवायचं. आरोपीला हे मत मान्य नसेल तर वैद्यकीय मंडळाकडे अपील: जवळच्या सरकारी रुग्णालयातला मनोविकार विभागप्रमुख आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातला याच विषयाचा अध्यापक. अनेक जिल्ह्यांत यातली दोन्ही माणसं शोधायला शेजारचा जिल्हा गाठावा लागतो. सोलापुरात १९६३ पासून डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला जोडलेलं मोठं रुग्णालय, ज्याला अख्खं गाव नुसतं 'सिव्हिल' म्हणतं. त्यामुळे कागदावर तरी आपला जिल्हा सुदैवी.

तपासणीत नेमकं होतं काय? लोकांना वाटतं डोक्याला तारा लावतात. प्रत्यक्षात बराचसा भाग बोलण्याचा आणि बघण्याचा असतो. पोलीस बंदोबस्तात आरोपीला आणतात, शक्य तर काही दिवस वॉर्डात ठेवतात. प्रश्न साधे असतात. तुला इथे कशासाठी आणलं? तुझ्यावर काय आळ आहे? कोर्टात उंच खुर्चीवर बसतात ते कोण, त्यांचं काम काय? तुझा वकील कोण? तू त्याला सांगितलेलं तो दुसऱ्याला सांगेल का? गुन्हा कबूल केलास तर काय होईल? न्यायाधीशाचं नाव न आठवणं हा आजार नव्हे. पण 'वकील माझ्या डोक्यात बोलतो, तो पोलिसांना मिळालेला आहे' असं एखादा ठामपणे सांगत असेल, तर बाकी सगळी उत्तरं बरोबर देऊनही तो बचाव करू शकणार नाही. सोंगाचा संशय असतोच. तिथे डॉक्टरांच्या दहा मिनिटांपेक्षा नर्सच्या नोंदी जास्त उपयोगी पडतात: रात्री झोपला का, जेवला कसा, कोणी बघत नसताना कसा वागत होता. सोंग चोवीस तास आणणं फार अवघड.

आता बहिऱ्या प्रिचर्डकडे परत. सोलापूर ही चार भाषांची पेठ. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय उर्दू आणि मराठी. यंत्रमागावर काम करणारा एखादा तेलुगू बोलणारा पद्मशाली कामगार कोर्टाच्या मराठीतल्या प्रश्नाला गप्प राहिला, तर तो भांबावलाय, घाबरलाय, की आजारी आहे? 'मुद्देमाल', 'दोषारोप', 'उलटतपास' हे शब्द तर घरात मराठी बोलणाऱ्यालाही पहिल्यांदा कळत नाहीत. कायद्याला हा फरक माहीत आहे. जो मनोविकल नाही पण ज्याला कामकाज समजावून देता येत नाही, अशांसाठी १९७३च्या संहितेत वेगळं कलम ३१८ होतं, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३५७ आहे. त्यात खटला थांबत नाही, पण दोषी ठरवलं तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावं लागतं. म्हणून तपासणी कोणत्या भाषेत झाली आणि दुभाषा कोण होता, हे अहवालात पहिल्या ओळीत असायला हवं. आरोपीबरोबर आलेल्या पोलीस शिपायालाच दुभाषा केलं, तर त्या उत्तरांवर किती विसंबायचं?

आता थांबलेल्या खटल्याकडे वळू. खटला थांबला तरी माणूस कुठेतरी ठेवावाच लागतो, आणि देशाचा अनुभव इथे लाजिरवाणा आहे. १९८२ मध्ये वीणा सेठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हजारीबाग तुरुंगातले कैदी आले. वेडे म्हणून ठेवलेले, बरे झाल्याचं कागदावर येऊनही वर्षानुवर्षं आतच. आसामच्या मचांग लालुंगचं प्रकरण तर सांगताना जड जातं. १९५१ मध्ये मारहाणीच्या गुन्ह्यात पकडलं, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं, १९६७ मध्ये रुग्णालयाने बरा असल्याचं कळवलं, तरी तो सुटला २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं आणि खटला नाहीच. अमेरिकेत १९७२च्या जॅक्सन खटल्यात, तोही एक बहिरा-मुकाच आणि चोरी एकूण नऊ डॉलरची, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की निव्वळ खटल्याला अक्षम आहे म्हणून माणसाला बेमुदत डांबता येत नाही. आपल्याकडे असं एका वाक्यात कोणी बांधून दिलेलं नाही.

तरी २००९च्या दुरुस्तीत महत्त्वाचं बरंच आहे, आणि ते वापरलं जातं त्यापेक्षा जास्त वापरता येण्याजोगं आहे. आरोपी बचाव करू शकत नाही असं ठरलं, की न्यायाधीशाने त्याला प्रश्न न विचारता, फक्त त्याच्या वकिलाचं ऐकून, सरकारी पुरावा तपासायचा. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर तारीख न देता सोडून द्यायचं. गुन्हा दिसत असेल तर मनोविकारतज्ज्ञ उपचाराला जेवढा काळ लागेल म्हणतील तेवढंच काम पुढे ढकलायचं. आरोपीला भरती ठेवायची गरज नसेल आणि नातेवाईक किंवा मित्र नियमित बाह्यरुग्ण उपचारांची आणि त्याच्याकडून कोणाला इजा होणार नाही याची हमी देत असेल, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन देता येतो. म्हणजे विडी वळणारी एखादी आई मुलाला दर महिन्याला 'सिव्हिल'च्या ओपीडीत नेईन असं लिहून देऊ शकते. नाही तर पुण्यातलं येरवड्याचं मनोरुग्णालय. सोलापूरहून अडीचशे किलोमीटर, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची, भेट अर्ध्या तासाची.

येरवड्याहून परत आल्यावरचा एक घोळ वकील आणि डॉक्टर दोघेही ओळखून असतात. गोळ्यांवर माणूस स्थिर होतो, 'खटल्याला सक्षम' असा दाखला मिळतो, तो तुरुंगात येतो. तिथे गोळ्या चुकतात, तारीख तीन महिन्यांनी पडते, आणि त्या तारखेला पिंजऱ्यात पुन्हा जुनाच माणूस उभा असतो. मग परत पत्र, परत तपासणी. मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७ने तुरुंगातल्या मनोरुग्णांना उपचारांचा हक्क दिला आहे आणि तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी अहवाल द्यायचा असंही सांगितलं आहे. दाखल्याची तारीख आणि खटल्याची तारीख मात्र एकमेकींशी जुळवायला त्याने कोणाला सांगितलेलं नाही.

१ जुलै २०२४ पासून १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुनी ३२८ ते ३३९ ही कलमं आता ३६७ ते ३७८ झाली आहेत. ढाचा २००९चाच आहे. खटला जास्तीत जास्त किती काळ थांबू शकतो याची कमाल मर्यादा या प्रकरणात नाही. जी काही मुदत आहे ती तज्ज्ञाच्या मतावर टांगलेली आहे. म्हणून बचावाच्या वकिलाने, आणि विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाने तर नक्कीच, तपासणीच्या अर्जातच मागून घ्यावं: आजार कोणता, उपचाराला अंदाजे किती महिने, भरती लागेल की ओपीडीवर भागेल, आणि तपासणी कोणत्या भाषेत झाली. एवढं अहवालात आलं नाही, तर 'सक्षम' किंवा 'अक्षम' या एका शब्दावर पुढची तारीख पडते.