मोहिनीचा पेला: धोतऱ्यापासून हुर्राकपर्यंत

नायक बुजरा, नायिका त्याला हिंग लावून विचारत नाही, तेवढ्यात कुठूनतरी एक बाटली हाती लागते आणि पुढचे दोन तास नुसता गोंधळ. प्रेमाच्या जादुई काढ्यावरचे सिनेमे याच मांडणीवर चालतात. पण हा पेला मुळात हसण्यावारी नेण्याचा नव्हता. निदान आमच्या गोव्यात तरी नाही.

पणजीत चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव आहे, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात धोतऱ्यावर एक प्रकरण आहे. घरच्याच नोकरमाणसाने जेवणात धोतरा कालवायचा. ज्याला तो भिनला तो असंबद्ध बोलणार, हसत राहणार. अंगावरचे दागिने उतरवून घेतले तरी हसतच! पुढे वीसेक वर्षांनी आर्चबिशपच्या पदरी असलेला डच कारकून लिन्शोटेन याच धोतऱ्याला प्रेमप्रकरणाची फोडणी देतो. त्याच्या १५९६ च्या प्रवासवर्णनात बायका नवऱ्याला धोतरा पाजतात आणि त्याच्या उघड्या डोळ्यांदेखत प्रियकराला घरात घेतात. अंमल चोवीस तासांचा. लवकर उतरवायचा तर पाय थंड पाण्याने धुवायचे. यात पाहिलेलं किती आणि ऐकीव किती, मला शंकाच आहे. परमुलखातल्या बायकांबद्दल प्रवासी नेहमीच चवीने लिहितात. पण टक लावून हसत बसलेला नवरा आणि शेजारी बिनघोर प्रियकर, हा प्रवेश कुठल्याही फार्समध्ये जसाच्या तसा बसेल. तोच धोतरा महाशिवरात्रीला मंगेशीच्या वाटेवर फुलवाल्यांच्या टोपलीत बेलाच्या पानांशेजारी निमूट पडलेला असतो, हिरवा नि काटेरी.

भीती मात्र पोर्तुगिजांच्याही कितीतरी आधीची. अथर्ववेदात मधासारख्या गोड वेलीला उद्देशून वशीकरणाचं सूक्त आहे, कामसूत्राच्या शेवटच्या अधिकरणात असले योग सांगितलेत. आणि वनपर्वात सत्यभामा द्रौपदीला सरळ विचारते, पाच नवरे मुठीत ठेवतेस ते मंत्राने की मुळीने? द्रौपदी तिला झापते. बायको असलं काही करते असं कळलं की नवऱ्याला घरात साप शिरल्यासारखं होतं, म्हणते. शिवाय अशा मुळ्या खाऊन कुणाला जलोदर झाला, कुणाला कोड. पाककृती आपली आणि धोक्याची पाटीही आपलीच.

हसू आलं ते औषध चुकीच्या माणसाला लागलं तेव्हा. शेक्सपिअरने फुलाचा रस भलत्याच्या डोळ्यांत पिळून धमाल उडवली. पण खरी गंमत औषधच खोटं निघाल्यावर. १८३२ मध्ये मिलानला रंगभूमीवर आलेल्या दोनिझेत्तीच्या ऑपेरात भोंदू वैद्य दुल्कामारा भाबड्या नेमोरिनोला प्रेमाचं रसायन म्हणून चक्क बोर्दोची वाइन विकतो. पोराला चढते, बुजरेपणा पळतो, आणि काम होऊन जातं. (इटालियन ऑपेराशी गोव्याचं नातं आहे, लांबून का होईना: मुंबईत तो पाहूनच लुकासिन्यो रिबेरोने १८९२ मध्ये पहिला तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक, उभा केला.) १९९२ च्या ‘लव्ह पोशन नंबर नाइन’मध्ये सँड्रा बुलॉक प्रयोगशाळेत काम करते, म्हणून तिथलं औषध पुन्हा खरं निघतं. मला दुल्कामाराच जास्त पटतो.

कारण आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकातही एक मोहिनीचा पेला होता. पितळी लोटीत रोज कोकमाचं सरबत असायचं. नायक गावातलाच, नटी बाहेरून आणलेली. तालमीत तिच्यासमोर याची बोबडी वळायची. दिवस उन्हाळ्याचे, हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, नुकता उतरलेला. प्रयोगाच्या रात्री विंगेत कुणीतरी लोटी बदलली. पहिल्याच घोटाला त्याने डोळे मोठे केले, पण लोटी रिकामी करूनच खाली ठेवली. स्वगत तो साफ विसरला. नटीशी मात्र एकदाही अडखळला नाही.