डिजिटल लिंगभाव दरी (गोवा)

फोन, संगणक, इंटरनेट आणि त्यांवर चालणाऱ्या सेवा मिळण्यात व वापरण्यात स्त्री-पुरुषांमध्ये दिसणारी विषमता. ‘डिजिटल दरी’ हा शब्दप्रयोग १९९०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. तेव्हा प्रश्न एवढाच होता की संगणक कोणाच्या घरी आहे आणि कोणाच्या नाही. पुढे अभ्यासकांनी या दरीचे तीन थर पाडले. साधन हाती असणे हा पहिला, ते वापरण्याचे कौशल्य आणि मोकळीक हा दुसरा, आणि त्या वापरातून पैसा, शिक्षण, आरोग्य किंवा अधिकार पदरात पडणे हा तिसरा. गोव्याबद्दल बोलताना हे थर वेगळे ठेवावेच लागतात. पहिल्या थरात गोवा देशाच्या पुष्कळ पुढे आहे, आणि त्या यशाआड उरलेले दोन थर झाकले जातात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांना विचारले होते की, इंटरनेट कधी वापरले आहे का? गोव्यात ७३.७ टक्के स्त्रियांनी आणि ८२.९ टक्के पुरुषांनी होकार दिला. देशाचे हेच आकडे ३३.३ आणि ५७.१ होते, शेजारच्या महाराष्ट्राचे ३८ आणि ६१.५. राज्यांमध्ये स्त्रियांच्या बाबतीत गोव्याच्या पुढे फक्त सिक्कीम (७६.७) होते. यामागची कारणे जुनी आणि ठोस आहेत. राज्य लहान आहे, २०११च्या जनगणनेनुसार ६२ टक्के लोकसंख्या शहरी आहे, आणि स्त्री-साक्षरता तेव्हाच ८४.६६ टक्के होती. त्यात आखातात, बोटीवर किंवा युरोपात कामाला गेलेल्यांची घरे गावोगावी आहेत. दूरवरच्या नवऱ्याचा किंवा मुलाचा चेहरा पाहायचा म्हणून व्हिडिओ कॉल शिकलेल्या बायका गोव्यात कितीतरी. कोणत्याही सरकारी प्रशिक्षणाआधी त्यांना फोन शिकवला तो या ओढीने.

पण हा आकडा नीट वाचला पाहिजे. प्रश्नातला ‘कधी’ हा शब्द फार उदार आहे. शेजारच्या मुलीने एकदा यूट्यूबवर पाककृती लावून दिली, तरी उत्तर ‘हो’च येते. याच सर्वेक्षणात गोव्यातल्या ९१.२ टक्के स्त्रियांनी स्वतः वापरत असलेला मोबाइल आपल्याकडे असल्याचे सांगितले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की दिसते, सहापैकी जवळपास एका बाईच्या हातात फोन होता, पण इंटरनेटला तिने कधी हात लावलेला नव्हता. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकास ध्येयांमध्ये स्त्रियांच्या तंत्रज्ञानवापराचे लक्ष्य आहे. ते मोजण्यासाठी निवडलेला निर्देशक मात्र मोबाइलची मालकी एवढाच आहे. त्या कसोटीवर गोवा जवळपास उत्तीर्ण ठरतो, आणि म्हणूनच ती कसोटी गोव्याला अपुरी पडते.

दुसरी उणीव वयाची. पन्नाशीपुढच्या बाईला हे सर्वेक्षण विचारतच नाही. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचे प्रमाण केरळखालोखाल गोव्यात सर्वांत जास्त, ११.२ टक्के होते. मुलगे परदेशी आणि म्हातारी एकटी घरी, हे चित्र डिचोलीपासून काणकोणपर्यंत सारखेच दिसते. बँक, वीजबिल, गॅस, दवाखान्याची वेळ हे सारे ज्या फोनवर येऊन बसले आहे, तो फोन हिच्यासाठी फक्त ‘कॉल घेण्यापुरता’ असतो. गोव्यातली सर्वांत रुंद दरी बहुधा इथेच आहे, आणि ती कोणत्याही तक्त्यात नाही.

नाव आणि ताबा

१८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा गोव्यात सर्वधर्मीयांना लागू आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक ठरते आणि दोघांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. भारतातल्या इतर राज्यांतल्या स्त्रीला नसलेला हा हक्क आहे, आणि गोवेकर त्याचा अभिमान बाळगतात तो योग्यच आहे. डिजिटल व्यवहारात मात्र निम्मा वाटा असा प्रकार नसतो. सिमकार्ड एकाच्या नावावर असते, ओटीपी एकाच क्रमांकावर येतो, पासवर्ड एकालाच ठाऊक असतो. कुटुंबाच्या आधारकार्डांना नवऱ्याचा किंवा थोरल्या मुलाचा नंबर जोडलेला असला, की बायकोच्या नावाचा अर्ज भरायलाही त्याची वेळ पाहावी लागते. तो कामावर असेल तर संध्याकाळपर्यंत थांबायचे. तो बोटीवर असेल तर महिनोन्‌महिने.

राज्य सरकारच्या ज्या योजना थेट बायकांसाठी आहेत, त्यांतही ही अडचण शिरते. २०१२ साली सुरू झालेल्या गृह आधार योजनेत तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या गृहिणीच्या खात्यात दरमहा पैसे जमा होतात; पुढे ही रक्कम १५०० रुपये झाली. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत विधवा, ज्येष्ठ आणि दिव्यांग यांना मासिक अर्थसाहाय्य मिळते, आणि त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पैसे बाईच्या नावे येतात हे मोलाचे आहे. ते आले की नाही हे कळवणारा संदेश मात्र ज्या फोनवर येतो, तो तिचा असेलच असे नाही. ‘या महिन्याचे अजून पडले नाहीत’ असे ऐकून गप्प बसणाऱ्या बाईला खरे-खोटे पडताळून पाहण्याचा मार्ग हवा, आणि तो तिच्या स्वतःच्या हातातल्या फोनवरूनच जातो.

बाजार

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पणजीची मासळी मंडई किंवा फोंड्याच्या भाजीवाल्या पाहिल्या, तर गोव्याचा किरकोळ बाजार बायकांच्या खांद्यावर उभा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. नुस्ते (मासळी) विकणारी, फुले विकणारी, चवथीला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचे, सामान घेऊन बसणारी बाई रोकड हिशेबात अत्यंत तरबेज असते. सुटे किती, उधारी कोणाची, काल नुस्ते कोणत्या भावाने गेले, सारे तिच्या तोंडावर असते. मग गिऱ्हाईक ‘जीपे आहे का?’ विचारू लागले आणि टोपलीशेजारी स्कॅनरचा फलक उभा राहिला.

हा फलक कोणाच्या खात्याला जोडला आहे, हा प्रश्न गोव्यातल्या डिजिटल लिंगभाव दरीच्या अभ्यासात सर्वांत आधी विचारायला हवा. पुष्कळदा तो मुलाच्या, नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्याचा असतो, कारण यूपीआयला लागणारा स्मार्टफोन आणि खात्याला जोडलेला नंबर त्याचा असतो. रोकड होती तोवर दिवसाची कमाई संध्याकाळी कमरेच्या पिशवीत असायची. घरी किती द्यायचे, भिशीत किती टाकायचे आणि किती बाजूला काढायचे, हे ती ठरवायची. आता विक्रीचा मोठा हिस्सा परस्पर दुसऱ्याच्या खात्यात पडतो. पैसे पडल्याचा आवाज स्पीकर मोठ्याने करतो, पण शिल्लक किती हे तिला दिसत नाही. व्यवहार डिजिटल झाल्याची नोंद होते, गिऱ्हाइकाची सोय होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेला कमाईवरचा ताबा बाईच्या हातून निसटतो. तंत्रज्ञान येण्यापूर्वी तिच्याकडे जे होते तेही कमी व्हावे, ही बाब साधन न मिळण्यापेक्षा अधिक गंभीर मानली पाहिजे. याला उपाय अवघड नाही: तिच्या नावाचे खाते, तिच्याच नंबराला जोडलेला स्कॅनर, आणि शिल्लक कशी पाहायची हे बाजारातच बसून शिकवणारे माणूस. स्वयंसाहाय्य गटांतून लोणची, खाजे, कोकम विकणाऱ्या बायकांना गटाच्या खात्यामुळे हा आधार काहीसा मिळतो. एकटीने टोपली घेऊन बसणारीला मिळत नाही.

रेंज, शाळा आणि भाषा

सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या घाटालगतच्या तालुक्यांत अभयारण्ये आणि डोंगर यांमुळे मोबाइलचे जाळे विरळ आहे. मनोऱ्यांना काही गावांनीही विरोध केला. हा वाद मिटवण्यासाठी राज्याने २०२० मध्ये दूरसंचार पायाभूत सुविधा धोरण आणले. त्याच वर्षी शाळा बंद होऊन वर्ग फोनवर आले, तेव्हा सत्तरी आणि सांगे तालुक्यांतली मुले रेंजसाठी टेकड्या चढून, पावसात प्लॅस्टिक अंगावर घेऊन धडे ऐकत होती. मुलीला रानातल्या टेकडीवर जायचे तर सोबत लागते, आणि सोबत करणारे माणूस कामाला गेलेले असते. घरात एकच फोन असेल तर तो आधी कोणाच्या वर्गासाठी, हेही त्या काळात घराघरांत ठरवावे लागले.

गोव्याने केलेल्या चांगल्या कामाची नोंदही इथेच व्हायला हवी. मनोहर पर्रीकर यांच्या पहिल्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (२०००–२००५) सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक दिले गेले. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नव्हता, त्यामुळे पुष्कळ घरांत पहिला संगणक मुलीच्या नावाने आला. सर्वांना सारखे वाटल्याने मुलींचा किती फायदा होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. अलीकडे माध्यमिक शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्सही शिकवले जाते. तंत्रशिक्षणात पुढे मुली गळतात. ही गळती रोखण्यासाठी आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा ठेवल्या. २०१६ साली फर्मागुढीत सुरू झालेल्या गोवा आयआयटीलाही त्या लागू आहेत.

भाषेचा अडसर मात्र कमी बोलला जातो. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे ११ टक्के लोकांनी मराठी आणि ६६ टक्क्यांनी कोकणी मातृभाषा सांगितली. पण पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतल्या कोकणी बोलणाऱ्या अनेक बायकांचेही शालेय शिक्षण मराठीतून झाले आहे. वर्तमानपत्र, पोथी, भजनाची वही त्या अस्खलित वाचतात. फोनवर त्यांच्यासमोर येतो तो बहुतेकदा इंग्रजी अर्ज. कीबोर्डवर देवनागरी कशी आणायची हे कोणी दाखवलेले नसते, म्हणून लिहिण्याऐवजी आवाजी संदेश पाठवले जातात. वाचता-लिहिता येणारी बाई फोनवर निरक्षरासारखी वागवली जाते, हा अन्याय आहे आणि तो दूर करायला नवे तंत्र लागत नाही. अर्ज मराठी-कोकणीत असले की पुरे.

वेळ आणि काम

२०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार भारतात घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते; घरकामाला हात लावणारा पुरुष ९७. नवे ॲप शिकायला लागणारी निवांत अर्धी घटका या फरकात हरवते. उलट, काही बायकांवर फोन कामाचा बोजा म्हणून येतो. अंगणवाडी सेविकांना २०२१ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी कराव्या लागतात. मुलांना सांभाळत, रेंज शोधत, कागदी वहीही भरत. गोव्यात आशा सेविका नाहीत. इतर राज्यांत त्या करतात त्या कामाचा बराच भाग इथे परिचारिका आणि अंगणवाडी यांच्यावर पडतो. राज्यातल्या सर्वांत डिजिटल झालेल्या ग्रामीण स्त्रिया त्याच आहेत, पण त्यांचे कौशल्य मोबदल्यात मोजले जात नाही.

धास्ती

‘फोटो टाकू नकोस’ हा सल्ला गोव्यातल्या मुलीला लहानपणापासून मिळतो. छायाचित्रे बनावट करणे, धमकावणे, पाठलाग हे प्रकार खरे आहेत. त्यांवर घरात उपाय होतो तो फोन काढून घेण्याचा, म्हणजे शिक्षा जिला त्रास झाला तिलाच. याच भीतीने तक्रार घरापर्यंतही येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई आणि ६७ या कलमांखाली, तसेच भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या (पाठलाग) कलमाखाली हे गुन्हे आहेत. गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे ठाणे रायबंदरला आहे आणि आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक चालतो. मुलींच्या वसतिगृहातल्या फोनबंदीच्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग ठरवला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडहल्ला झालेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळखपडताळणीच्या) प्रकरणात डिजिटल सेवा मिळणे हे जीवनाच्या हक्कात मोडते असे सांगितले.

परप्रांतीय श्रमिक स्त्रिया

वास्को, झुआरीनगर, मडगाव आणि किनारपट्टीच्या बांधकामांवर कर्नाटक, ओडिशा, झारखंड अशा राज्यांतून आलेल्या बायका काम करतात. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम या असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक सोयीचा पडतो. त्यांचा क्रमांक बहुधा गावाकडचा, मुकादमाचा किंवा बंद पडलेला असतो. घरकामाला येणारी बाई मालकिणीला व्हॉट्सॲपवरून सुटी कळवते, पगार मात्र रोखीत घेते, आणि गावी पैसे पाठवायला दुकानदाराला कमिशन देते. राज्याच्या योजनांना दीर्घ रहिवासाची अट असल्याने त्या गृह आधारच्या यादीतही येत नाहीत. गोव्याचा ७३.७ टक्क्यांचा आकडा वाचताना या बायकांचे घर सर्वेक्षणात कितपत पोहोचते, झोपडी बदलली की त्या कोणत्या गावच्या धरल्या जातात, हेही विचारावे लागते.